सोलापुरात एकट्याने लॅपटॉप घेतला, जिन्याखालच्या दुकानाला चार स्टार

आधीच सांगतो, मी काय टेक रिव्ह्यूवाला वगैरे नाही, सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, गाव मंगळवेढा, रूम विजापूर रोडला. आयुष्यात पहिल्यांदा पन्नास हजाराच्या वरची वस्तू स्वतः जाऊन घेतली आणि त्या एका दिवसात जेवढं शिकलो तेवढं अख्ख्या सेमिस्टरला शिकलो नाही, म्हणून लिहितोय. लांबलंय, सहन करा.

जुना लॅपटॉप आत्याच्या पोराचा होता. सातव्या जनरेशनचा आय३, एका बाजूची बिजागरी तुटलेली, स्क्रीन उभी राहावी म्हणून मागं अप्लाइड मॅथ्सचं पुस्तक लावायचो, त्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग झाला. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाईल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) चालू करून एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, लावला की मेसमध्ये जाऊन जेवून यायचं, तवर उघडलेलं असायचं. कधी नसायचंही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचं घोडं तिथंच अडलं. डाळिंबाचे पैसे आले तसे आप्पांनी ५५ हजार खात्यावर टाकले आणि फोनवर म्हणाले, "बघून घे, घाई करू नकोस. पण लवकर घे." आता याचा अर्थ काय लावायचा तो लावा.

माझ्या रूम पार्टनरला त्यातलं लई कळतं, असं तो स्वतः म्हणतो. तो येणार होता. नेमकी त्याच्या बहिणीच्या लग्नाची सुपारी निघाली आणि साहेब सकाळच्या एसटीनं बार्शीला. जाताना म्हणाला, "तू जा बे एकटा, कुठं अडलास तर व्हिडिओ कॉल लाव." दिवसभरात मी त्याला सात कॉल लावले, एकही उचलला नाही, रात्री साडेअकराला मेसेज आला "घेतलास का". असो.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. कागदावर चार मॉडेलं, त्यांच्या ऑनलाइन किमती, आणि "१६ जीबी रॅम पाहिजेच" असं तीन वेळा अंडरलाइन करून निघालो. घरनं आलेल्या डब्यातल्या दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी बॅगेत टाकली कारण बाहेर जेवायचं बजेट मी चार्जरसकट लॅपटॉपमध्ये धरलं होतं.

पहिलं दुकान मोठं, काचेचं, एसीवालं, मेन रोडला. नाव घेत नाही. आत पाऊल टाकलं की एक दादा आला आणि पहिला प्रश्न, "बजेट?" मी खरं सांगून टाकलं, ५५. ही माझी दिवसाची पहिली चूक. त्यानंतर त्या दुकानात ५४,९९० च्या खालची एकही मशीन अस्तित्वात नव्हती.

त्यानं जी पुढं केली तिच्यावर स्टिकर होतं रायझन ५ ७५२०यू, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. "सात हजार सिरीज आहे सर, एकदम लेटेस्ट." आता हे नीट वाचा, कारण इथं लई जण फसतात. या ७००० वाल्या नंबरात पहिला आकडा फक्त कुठल्या वर्षाच्या लॉटमधला ते सांगतो. खरी गंमत तिसऱ्या आकड्यात असते. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ (झेन हे या प्रोसेसरच्या पिढ्यांचं नाव), जुनी बांधणी, वर चारच कोर. ७५३० मध्ये तिसरा ३, म्हणजे झेन ३, आणि सहा कोर. नंबरात फरक दहाचा, पण आत एक पिढी आणि दोन कोर. म्हणजे नवी पाटी लावून जुनाच माल, आपल्याकडं हॉटेलात मेनूकार्ड नवीन छापतात आणि भाजी तीच असते तसं. मी म्हटलं दादा, हा झेन २ आहे ना? तो म्हणाला, "सर झेन वगैरे मोबाईलमध्ये असतं." मी गप्प बसलो.

वर त्यात रॅम ८ जीबी आणि तीसुद्धा बोर्डावर सोल्डर केलेली, पुढं वाढवायची सोयच नाही. "८ लई झालं सर, अभ्यासालाच पाहिजे ना." अरे अभ्यासालाच पाहिजे म्हणून तर १६ पाहिजे. एमुलेटर, ब्राउझरमध्ये वीस टॅब आणि एडिटर एकत्र उघडले की ८ चं पाणी पाणी होतं. डेमो पीसवर कंपनीची जाहिरात फिरत होती, सेटिंग उघडू का विचारलं तर पासवर्ड म्हणे मॅनेजरकडं आहे, मॅनेजर जेवायला गेलेत. सव्वाअकराला.

मग फायनान्सच्या टेबलावर नेऊन बसवलं. नो कॉस्ट ईएमआय. मी आधी वाचून गेलो होतो म्हणून वाचलो. होतं असं की व्याजाएवढी रक्कम ते किमतीत सूट म्हणून दाखवतात आणि बँक तेच व्याज हप्त्यातनं लावते, इथपर्यंत हिशोब बरोबर बसतो. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याला पडतो, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोख घेतलं असतं तर जे एक-दोन हजार कमी झाले असते ते गेलेच. फार मोठी रक्कम नाही हे मान्य, पण मग "नो कॉस्ट" म्हणू नका की. माझ्याकडं पैसे आहेत म्हटल्यावर टेबलावरच्या ताईंचा माझ्यातला इंटरेस्टच गेला. "आज रात्री ऑफर संपतेय सर" हे मला तिथं तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिथनं गेलो तेव्हा ऑफरचं फ्लेक्स तसंच होतं. त्या सेल्सवाल्या दादाबद्दल मात्र माझा राग नाही, माझ्याच वयाचा असेल, टार्गेट असतं त्यांना, निघताना पाण्याची बाटली दिली त्यानं. एक स्टार, तो पाण्याचा.

दुसरीकडं सेकंडहँड बघितले. इथं मी जवळजवळ घसरलो होतो. थिंकपॅड टी४८०, २२ हजार म्हणाला. मशीन म्हणून लई दणकट, कीबोर्ड तर असा की हात काढावासा वाटत नाही, आठवी जनरेशन म्हणजे विंडोज ११ ला चालतो, रॅमच्या दोन जागा, बॅटऱ्या दोन, एक आतली एक बाहेरची. मी काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून बॅटरी रिपोर्टची कमांड मारली, तुम्हीपण कुठलाही जुना लॅपटॉप घेताना मारा, पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट, एक फाईल तयार होते, तिच्यात बॅटरीची मूळ कपॅसिटी आणि आत्ता फुल चार्जला भरणारी कपॅसिटी शेजारी शेजारी दिसते. आतलीची निम्म्याहून कमी राहिली होती. मी म्हटलं आठ दिवस चालवून बघतो, काही निघालं तर परत घ्याल का, तर नाही म्हणाले, "माल बघून घ्यायचा." बघितला की, म्हणून तर घेतला नाही.

तोपर्यंत अडीच वाजले, डोकं दुखायला लागलेलं. चहा मारला. परत निघावं का असा विचार करत नवी पेठेतल्या एका बोळात शिरलो, खरं तर सावलीसाठी.

तर ते दुकान. पाटी बघून कुणी आत जाणार नाही कारण पाटीवर अजून "एसटीडी आयएसडी पीसीओ झेरॉक्स" लिहिलेलं आहे. जिन्याच्या खालची जागा, सहा फुटी माणूस आत गेला तर वाकूनच उभा राहील. काउंटरच्या मागं साठीचे एक काका, चष्मा दोरीला, समोर उघडून ठेवलेला कुणाचातरी लॅपटॉप, आणि नवीन बॉक्स जिन्याच्या पायऱ्यांच्या आकारानं रचून ठेवलेले, वरच्या पायरीखाली उंच थप्पी, खालच्या पायरीखाली बुटकी. आत हाताखाली काम करणाऱ्या पोराशी काका तेलुगूत बोलायले होते, एक गिऱ्हाईक आलं त्याच्याशी कन्नडमध्ये, फोनवर डिस्ट्रिब्युटरला हिंदीत झापत होते आणि माझ्याकडं वळून मराठीत, "बस बाळा, पाच मिनिटं." आमच्या सोलापुरात हे नॉर्मल आहे, बाहेरच्यांना सांगितलं की खोटं वाटतं.

पाच मिनिटांची पंचवीस झाली, हा पहिला मायनस. पण मग त्यांनी जे विचारलं ते दिवसभरात कुणी विचारलं नव्हतं. बजेट नाही विचारलं. विचारलं, "शिकतोस काय? त्याच्यावर चालवणार काय काय? कॉलेजला रोज नेणार का रूमवरच ठेवणार? कशानं जातोस, बसनं का गाडीवर?" मी म्हटलं सिटी बस, कधी चालत. म्हणाले, "मग सोळा इंची घेऊ नको, बसमध्ये दप्तर पुढं धरावं लागतं, दोन महिन्यांत शिव्या घालशील." मी कागद दाखवला, त्यांनी चारपैकी दोन नावांवर पेनानं काट मारली. एकाला का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पॅनल बघ ना." तेच मॉडेल दुसऱ्या कुणाचं रिपेअरला आलेलं होतं, ते उघडून स्क्रीन मागं-पुढं कलती करून दाखवली. वरनं बघितलं की रंग पांढुरके पडले, खालनं बघितलं तर काळे. टीएन पॅनल. आयपीएस वाल्याला असं होत नाही. ऑनलाइन पेजवर हे कुठंतरी तळाला बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

शेवटी ठरला तो रायझन ५ ७५३०यू वाला, ५१२ जीबी एसएसडी, १४ इंची आयपीएस, ८ जीबी बोर्डावर आणि एक जागा रिकामी. कंपनी सांगत नाही, या कॉन्फिगरेशनमध्ये दोन-तीन कंपन्यांचे आहेत, सगळे साधारण सारखेच आहेत. काका म्हणाले त्या रिकाम्या जागेत ८ जीबी रॅमची कांडी टाक, १६ पण होते आणि दोन कांड्या जोडीनं चालल्या की ग्राफिक्सपण जरा सुधारतं, कारण यात वेगळं ग्राफिक कार्ड नाही, ते रॅममधनंच उसनं घेतं. मी घाबरलो, वॉरंटी जाईल म्हणून. त्यांनी काय करावं, कंपनीच्या हेल्पलाइनला स्पीकरवर फोन लावला आणि मला म्हणाले तूच विचार. विचारलं. या मॉडेलला चालतंय म्हणाले, फक्त टाकताना काही तुटलं-फुटलं तर ते वॉरंटीत नाही. एवढी साधी गोष्ट. तुमच्या मॉडेलचं वेगळं असू शकतं, तुम्ही तुमचा फोन लावा.

मग मी टायपिंग करून बघू का म्हटलं, तर म्हणाले "आप्पांचं नाव टाईप कर, मराठीत." मी मराठी कीबोर्ड लावून टाकलं, मग मंगळवेढा टाकलं, ढ शोधायला वेळ लागला. काका म्हणाले, "मंगळवेढ्याचा का? ज्वारी पाठव की रे." तिथनं पंधरा मिनिटं ज्वारीवर गेली. मालदांडीचा भाव, यंदा पाऊस किती झाला, त्यांच्या मिसेसना सोलापुरातल्या दुकानातली ज्वारी कशी आवडत नाही. मागं एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह हातात धरून उभं होतं बिचारं.

भाव: ऑनलाइन ५१,९९० होता. काका ५१ म्हणाले, मी आप्पांचा आवाज काढून ४८ म्हणालो, ४९,५०० ला तुटलं. रॅमची कांडी वेगळी ३,४००. ही महाग वाटली तर म्हणाले दोन-अडीच महिन्यांपूर्वी निम्म्यात होती, आता एआयच्या मशिनींना मेमरी लागायली म्हणून कारखाने सगळा माल तिकडं वळवायलेत आणि आपल्यासारख्यांची कांडी महागली. घरी येऊन वाचलं तर खरंच तसंच आहे. म्हणजे अमेरिकेत कुणीतरी चॅटबॉट चालवतंय आणि त्याचं बिल नवी पेठेतल्या जिन्याखाली मी भरतोय.

आता दुसरा मायनस, आणि हा जरा मोठा. पैसे द्यायच्या वेळी हळूच विचारलं, "बिल पक्कंच पाहिजे का?" काका, वॉरंटी कशावर मागायची मग मी? पक्कंच पाहिजे म्हटल्यावर एका शब्दानं कुरकुर केली नाही आणि भाव पण वाढवला नाही, पण विचारायलाच नको होतं. कुणी लाजरं पोरगं असतं तर नाही म्हणालं असतं. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर टाकून घ्या, भीड ठेवू नका. कार्डला दोन टक्के जास्त म्हणाले, मी यूपीआय केलं, ते दोनदा फेल गेलं, दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा, तिसऱ्यांदा गेलं. फेल गेलेले पैसे कापले नव्हते, देवाची कृपा.

कांडी दुकानात नव्हती. पुतण्या अशोक चौकाकडनं घेऊन येणार, मग बसवणार, मग विंडोजचे अपडेट. "दीड तास धर. फिरून ये, इथं बसून काय करतोस." तेव्हा साडेसात वाजले होते.

नवी पेठ शनिवारी साडेसातला म्हणजे तुम्ही चालत नाही, लोकंच तुम्हाला चालवतात. गाड्या, साड्यांची बोचकी, मोबाईलच्या कव्हरचे गाडे, एकमेकांवर ओरडणारे स्पीकर. मी पन्नास हजार खर्च करून रिकाम्या हातानं फिरत होतो, हे फीलिंग विचित्र असतं, सारखा खिशातल्या बिलाला हात लावायचो. एका दुकानाबाहेर टॉवेल-नॅपकिनचा ढीग होता, ६० रुपयाला एक जाडजूड टर्किश नॅपकिन घेतला, निळा. का घेतला ते पुढं येईल. सोलापुरात राहून चादर, टॉवेल लोकांना गिफ्ट दिलेत शंभर, स्वतःसाठी पहिल्यांदाच घेतला.

तिथनं पार्क चौकात आलो. चार पुतळ्यांपाशी जरा मोकळी हवा असते. रोज बसमधनं दिसतात ते पुतळे, थांबून नावं कधी वाचली नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरनं इंग्रजांना तीन दिवस शहराबाहेर ठेवलं, मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. शाळेत पाठ केलेलं होतं. पण ती चार नावं एकाखाली एक वाचताना दुपारचं दुकान आठवलं, एकाच काउंटरवर चार भाषा. काही जण त्यातले विशीतले होते म्हणतात, म्हणजे आमच्या क्लासमध्ये मागच्या बेंचवर बसतात तेवढे. मी रॅमची वाट बघत बसलोय आणि हे. जास्त विचार केला नाही, शेजारी एक आजोबा येऊन बसले आणि "टाईम किती झाला" पासून त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचले.

नऊला परत गेलो तर कांडी नुकतीच येत होती. दीड तास म्हणजे अडीच तास, हा तिसरा मायनस. पण माझ्या समोर उघडलं, समोर बसवलं, स्क्रू वाटीत मोजून ठेवले आणि मोजून परत लावले. मग मी माझ्या कागदावरचं चेकिंग सुरू केलं. पांढरी, काळी, लाल, हिरवी अशी पानं फुल स्क्रीन लावून मेलेला पिक्सेल, म्हणजे बिघडलेला ठिपका, आहे का बघितलं, सगळ्या पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघितला, कॅमेरा, माईक, स्पीकर, वायफाय. सिरीयल नंबर तीन ठिकाणी जुळवला, बॉक्सवर, लॅपटॉपच्या पोटाला आणि बिलावर, आणि तोच नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटीची तारीख बघितली. हे शेवटचं नक्की करा, कधी कधी जुना स्टॉक असतो आणि वॉरंटी आधीच चालू झालेली असते. काका शटर अर्धं ओढून माझ्या मागं उभे होते, जेवायला घरी वाट बघत असणार, पण "आटप" म्हणाले नाहीत. हे मला दिवसभरातलं सगळ्यात भारी वाटलं. सकाळच्या एसीवाल्या दुकानात मला पाच मिनिटांत पन्नास हजार काढायला लावत होते आणि इथं घेऊन झाल्यावरसुद्धा माणूस उभा.

फ्री बॅग मिळाली, तिची चेन तिथल्या तिथं हातात आली. चौथा मायनस. दुसरी दिली, तिची पण तीच गत व्हायच्या बेतात होती. म्हणून नॅपकिन. लॅपटॉप निळ्या नॅपकिनात गुंडाळला आणि माझ्या कॉलेजच्या सॅकमध्ये घातला, सॅक पुढं छातीवर. काकांचा पुतण्या म्हणाला, "अंगडं-टोपडं पण घाल की."

साडेदहा झाले होते. रिक्षा करणं शहाणपणाचं होतं हे मलाही कळतं. पण दिवसभर कुणीतरी काहीतरी विकायला बघत होतं आणि आता कुणीच काही विकत नव्हतं, हवा गार, रस्ते मोकळे, मला चालायचंच होतं. आप्पांना फोन लावला, म्हटलं घेतला. "किती?" ५२,९०० सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "उरलेले ठेव तुझ्याकडं." आणि मग, "एवढ्या रात्री कुठायस?" मी म्हटलं रिक्षात. वाईट वाटलं पण सांगितलं.

सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूनं गेलो. पाण्यात देवळाचे दिवे हलत होते, पलीकडं किल्ल्याची भिंत नुसती काळी. एका कट्ट्यावर बसून भाकरी काढली. सकाळपासून सॅकमध्ये असल्यामुळं कडक भाकरीचे आठ तुकडे झाले होते, पण कडक भाकरीला मोडल्यानं काय फरक पडतो, शेंगाचटणीत घालून खाल्ली. मांडीवर लॅपटॉप, त्याच्यावर भाकरी, परत नॅपकिन कामाला आला. नंतर दिसलं तर नॅपकिनला चटणीचं तेल लागलेलं, अजून गेलं नाही. होम मैदान रिकामं पडलेलं, दीड महिन्यात तिथं गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी उसळणार, पाळणे लागणार, आणि आत्ता एका कोपऱ्यात दोन कुत्री झोपलेली. या मैदानावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

रंगभवनच्या पुढं बाईकवर दोन पोलीस आले, थांबले. "काय रे, छातीशी काय धरलंयस? कुठनं यायलास?" माझी बोबडी. पोरगं, रात्री अकरा, सॅक पुढं, आत नॅपकिनात गुंडाळलेली वस्तू, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण थांबवलं असतं. बिल काढून दिलं. मागच्या सीटवरच्यांनी मोबाईलच्या टॉर्चमध्ये बिल वाचलं, सिरीयल नंबर जुळवला (बघा, पक्कं बिल), मग सूर एकदम बदलला. "कितीला बसला? आमच्या पोरीला घ्यायचाय, बीसीएला आहे." मी साहेबांना सातरस्त्याकडं तोंड करून, दिव्याच्या खांबाखाली, तिसऱ्या आकड्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, ७५३०, ३ ला गोल करून. पुढचे म्हणाले, "चल आता, मास्तर झालास, घरी जा सरळ." सातरस्त्यापर्यंत हळूहळू माझ्या मागं बाईक होती. संशयानं का काळजीनं ते कळलं नाही.

पत्रकार भवनच्या पुढं पाय बोलायला लागले. रूमवर पोचलो बारा वाजता, नळाला पाणी नव्हतं, आमच्याकडं तीन-चार दिवसांनी येतं, त्या दिवशी पाळी नव्हती. हात न धुता लॅपटॉपला हात लावायचा नाही म्हणून बिसलेरीच्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. श्रीमंती.

आता सतरा दिवस वापरून झाले. एमुलेटर चाळीस-पंचेचाळीस सेकंदात उघडतोय, मेसला जायला कारणच उरलं नाही. बॅटरी कोडिंग आणि ब्राउझरवर सहा तास, व्हिडिओ बघितले तर पाच. फॅनचा आवाज रात्री रूम शांत असली की येतो, पार्टनरच्या घोरण्यापेक्षा कमी. स्क्रीनचा उजेड कमी आहे, २५० निट्स, कॉलेजच्या कट्ट्यावर उन्हात बसलं की स्वतःचं तोंड दिसतं, कोड दिसत नाही. रंग पण फिके आहेत, फोटो-व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी यात पडू नये. गेम खेळणाऱ्यांनी तर नाहीच नाही. मागच्या आठवड्यात टचपॅड अडकायला लागलं म्हणून दुकानात गेलो, काकांनी ड्रायव्हर टाकून दिला, पैसे घेतले नाहीत, ज्वारीची आठवण करून दिली. संक्रांतीला गावाकडनं येताना पाच किलो आणतो म्हटलंय.

दुकानाला चार स्टार. एक कापला तो कच्च्या बिलाच्या प्रश्नाचा आणि चेनचा मिळून. वेळेचा कापत नाही, कारण ते अडीच तास नसते तर मी ती चार नावं वाचली नसती. जायचं असेल तर नवी पेठेत कुणालाही "जिन्याखालचे लॅपटॉपवाले काका" विचारा, दुपारी दोन ते चार शटर अर्धं असतं, वाकून आवाज द्यायचा. रविवारी बंद. डोकं सांभाळा, आत जाताना तिसरी पायरी कपाळाला लागते, मला दोनदा लागली.

पार्टनर बार्शीवरनं आला, पाच मिनिटं उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "चांगलाय बे, पण ग्रे का घेतला?"

ग्रेच होता दुकानात.